देवघेवीचीं पानें

नवीन वस्तु जुनी दिसावी अशी हौस माणसाला कां वाटते, याचा विचार मीं अनेकदां केला आहे. नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यांत जुन्या वाड्याचा सागवानी खांब आणून उभा करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्या खांबावर छपराचा भार नाहीं. भार आहे तो पाहुण्यांच्या कौतुकाचा. नवीं पितळी भांडीं मुद्दाम काळवंडून विकणारे दुकानदारहि मीं पाहिले आहेत. आजीनें जन्मभर चिंच लावून जीं भांडीं लखलखीत ठेवलीं, तसलींच भांडीं नातू काळीं पडलेलीं पाहून जास्त पैसे देऊन घेतो! दोघांत कोणाची रसिकता श्रेष्ठ, हें ठरविण्याच्या भरीस मी पडत नाहीं. जुनेपणाला एक प्रकारची प्रतिष्ठा असते, आणि ती झटपट मिळाली तर प्रत्येकाला हवी असते, एवढाच त्याचा अर्थ.

ही हौस मुलांनाहि असते याचा प्रत्यय मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आला. माझा चौदा वर्षांचा पुतण्या पुण्याहून यवतमाळला आला तो एक चपटी डबी बरोबर घेऊन. डबींत रंगीत पत्ते होते. पण ते इस्पिक-बदामाचे नव्हते. कोणावर पंख फुटलेला सर्प, कोणावर कवटी हातांत घेतलेला मांत्रिक, तर कोणावर धुक्यांत बुडालेलें अरण्य. प्रत्येक चित्राखालीं बारीक अक्षरांत त्या त्या प्राण्याचा पराक्रम आणि त्याची मर्यादा लिहिलेली. "काका, हा जुन्या धाटणीचा आहे बरं का!" असें सांगून त्यानें एक पत्ता माझ्या हातांत ठेवला. त्याची ती अदब पाहून, ताम्रपट हातीं घेतांना इतिहाससंशोधकाचे हात थरथरतात तसे माझेहि थरथरावेत अशी त्याची अपेक्षा दिसली. पत्ता १९९४ सालचा होता.

या खेळाची जन्मकथा अशी आहे. अमेरिकेंतील रिचर्ड गारफील्ड नांवाच्या गणितज्ञानें रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ सालीं बाजारांत आला. आपल्या नेहमींच्या पत्त्यांत बावन पानें, आणि तीं सर्वांना सारखीं. येथें मात्र प्रत्येकानें पानें विकत घ्यावयाचीं, मित्रांशीं त्यांची देवघेव करावयाची, आणि आपापला संच बांधून मैदानांत उतरावयाचें. २००३ सालीं या पानांची चौकट बदलली. तेव्हांपासून जुन्या चौकटीसाठीं हळहळणारा एक वर्गच निर्माण झाला. केवळ १९९३-९४ सालचीं पानें घेऊन खेळणारीं मंडळी आज निरनिराळ्या देशांत आहेत. या पद्धतीचा आरंभ स्वीडनमध्यें झाला. तीस वर्षांत प्राचीन होण्याची ही सोय आमच्या बालपणीं नव्हती.

पुतण्याला आतां स्वतःचींच पानें तयार करावयाचीं होतीं, आणि संगणकावर त्यानें तीं बरींचशीं आंखलींहि होतीं. कडा पिवळट केल्या होत्या, कोपरे झिजविले होते, आणि एका पानावर चहाचा डागहि होता. "हा डाग कसला?" मीं विचारलें. "जुनेपणाचा!" तो म्हणाला. बर्फानें झांकलेला किल्ला, बर्फांतला लांडगा आणि बर्फाची राणी असा एकंदर परिवार होता. बाहेर यवतमाळचा मे महिना पंचेचाळीस अंशांवर तापला होता, कूलरमधलें पाणी संपत आलें होतें, आणि आंत बर्फाची राणी चहाच्या डागासह अवतरत होती.

माझी भाची त्याच सुटींत घाटंजी तालुक्यांतील आपल्या गांवाहून आली होती. वय बारा वर्षांचें. बोलणें थोडें आणि पाहणें फार. तिनें सगळीं पानें एकेक करून निरखलीं, आणि खालीं ठेवतांना विचारलें, "याच्यात आपल्याकडचं काईच नाई का, मामा?"

प्रश्न साधा होता; पण उत्तर देण्यासाठीं मला उठून कपाट उघडावें लागलें.

कपाटांत सावंतवाडीहून आणलेली एक रंगीत लांकडी पेटी होती. झांकण सरकविलें कीं आंत एकशें वीस वाटोळीं पानें. ही दशावतारी गंजिफा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गट. प्रत्येक गटांत एक राजा, एक प्रधान आणि एकापासून दहापर्यंतचीं पानें. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवें, वामनाच्या पानांवर कमंडलु, परशुरामाच्या पानांवर परशु. तिघांनीं खेळावयाचें, आणि प्रत्येकाच्या वांट्याला चाळीस पानें. खेळ दिवसा असेल तर ज्याच्या हातीं राम त्यानें सुरुवात करावयाची. रात्रीं असेल तर ज्याच्या हातीं कृष्ण त्यानें. हा नियम ऐकतांच पुतण्याच्या चेहऱ्यावर प्रथमच आदर दिसला.

या खेळाची कुळी मोठी आहे. बाबरानें १५२७ सालीं सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. अकबराच्या वेळच्या बारा गटांच्या गंजिफेचें वर्णन अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'मध्यें केलें आहे. मोगली गंजिफेचे गट आठ; त्यांचीं नांवें ताज, शमशेर, गुलाम, चंग, बरात अशीं. बादशहाचा खजिना, शस्त्रागार आणि दफ्तर हीं सगळीं त्या पानांवर उतरलेलीं दिसतात. तोच खेळ हिंदु चित्रकारांच्या हातीं गेला तेव्हां त्यांनीं पानांची चौकट ठेवली आणि आंतलें दैवत बदललें. खजिन्याच्या जागीं अवतार आले. ओडिशांत रामायणांतलीं पात्रें आलीं. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडेयर यांनीं तर एकोणिसाव्या शतकांत स्वतःच्या कल्पनेनें नवे नवे खेळ रचून त्यांचीं पानें कशीं असावीं हें बारकाईनें ठरवून दिलें. मनासारखे पत्ते रचणें हा उद्योग अमेरिकेंत १९९३ सालीं सुरू झाला नाहीं, एवढें पुतण्यानें मोठ्या मनानें मान्य केलें.

सावंतवाडीची ही कला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ बुजली होती. छापील पत्ते स्वस्त झाल्यावर हातानें रंगविलेलीं एकशें वीस पानें कोण घेणार? १९७० च्या सुमारास राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं ती पुन्हां उभी केली. जाणत्या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली, आणि राजवाड्यांतच चित्रकार बसविले. मुंबईंत अनेक वर्षें राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनीं अशा पानांचा जन्मभर पाठपुरावा केला, आणि १९८२ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्यें हिंदुस्थानी गंजिफांचें प्रदर्शन भरलें तेव्हां त्यावरील पुस्तकहि त्यांनींच लिहिलें. खेळणारे खेळ विसरतात तेव्हां त्याची आठवण ठेवण्यास एखादा राजा आणि एखादा परदेशी विद्वान लागतो, हें आपल्याकडे पुष्कळ बाबतींत घडलें आहे.

भाची मात्र इतिहास ऐकत नव्हती. मत्स्याचें दहाचें पान उजेडांत धरून ती पाहत होती. "दहाही मासे येगयेगळे हायेत," ती म्हणाली. खरेंच होतें. चिताऱ्यानें एकाच ओघांत दहा मासे काढले होते. प्रत्येकाला फार तर चार फटकारे. पण कोणाची शेपटी जरा वर, कोणाचा डोळा जरा मोठा. गट ओळखावयास पानाचा रंग पुरे होता, आणि त्या मूठभर वर्तुळांत एकहि रेघ जास्त नव्हती. छाया नाहीं, दूरचे डोंगर नाहींत, धुकें नाहीं. जुन्या वस्तूंचा जो ठसा आपल्या मनावर उमटतो तो बहुधा या काटकसरीचा असतो. डाग मागाहून पडतात, आणि ते वापरणाऱ्यांचे असतात. हें मीं पुतण्याला समजावून सांगितलें नाहीं. त्यानें थोड्या वेळानें आपणहून संगणक मिटला.

पानें घरींच करावयाचीं असें ठरलें, आणि मग लक्षांत आलें कीं, या कामाचा सगळा कच्चा माल आमच्या जिल्ह्यांतच आहे. जुन्या पद्धतीच्या गंजिफेला कापडाचे थर लागतात; कापसाच्या मुलुखांत जुन्या धोतरांना काय तोटा? थर चिकटविण्यास चिंचोक्याची खळ लागते. चिंचोके भाजून, टरफलें काढून, रात्रभर भिजवून भाचीनें पाट्यावर वाटले, आणि ती खळ चुलीवर शिजवतांना हात न थांबवितां ढवळीत राहावें लागतें, हें तिनें पुतण्याला शिकविलें. त्यावर खडूच्या भुकटीचा लेप. लेप सुकला कीं नदींतल्या गुळगुळीत गोट्यानें घांसावयाचा, इतका कीं कापड असल्याचा संशयहि येऊं नये. कांचेची बांगडी ठेवून वर्तुळें आंखलीं, आणि शेजारच्या सुताराकडून लाखेचें पॉलिश वाटीभर आणलें. पहिलीं सहा पानें वाळतां वाळतां पापडासारखीं वळलीं. सातवें सपाट राहिलें तेव्हां दोघांनीं असा आरडाओरडा केला कीं, दुपारची झोंप मोडून शेजारी भिंतीवरून डोकावले.

आतां पानांवर काढावयाचें काय? अद्भुत तर हवें, आणि आपल्याकडचेंहि हवें. पुतण्याला वाटत होतें कीं, या दोन गोष्टी एके ठिकाणीं नांदत नाहींत. मीं त्याला टिपेश्वरच्या वाघाची हकीकत सांगितली. पांढरकवड्याजवळच्या त्या अभयारण्यांतला एक तरुण वाघ २०१९ सालीं आपला मुलुख शोधावयास निघाला. त्याच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा होता म्हणून त्याची वाट कळली. शेतें, ओढे, रस्ते ओलांडीत, महाराष्ट्रांतून तेलंगणांत आणि पुन्हां महाराष्ट्रांत येत, सुमारें तेराशें किलोमीटर चालून तो बुलढाणा जिल्ह्यांतल्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. कोणत्या मांत्रिकाच्या पत्त्यावर एवढा पराक्रम लिहिला आहे? वाघाचा गट तेथेंच कायम झाला: राजा तो चालणारा वाघ, आणि प्रधान त्याची आई. दुसरा गट नदीचा. त्यांत पैनगंगा राणी, आणि सहस्रकुंडचा धबधबा प्रधान. तिसरा गट आगगाडीचा. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आमची अरुंद रुळांची शकुंतला ११३ किलोमीटरांचा प्रवास दिवसभर पुरवून पुरवून करी; १९९४ सालापर्यंत तिला वाफेचें इंजिन होतें. ती थांबून आतां कांहीं वर्षें झालीं. पुतण्या म्हणाला, "पण रेल्वे म्हणजे अद्भुत नव्हे." भाचीनें विचारलें, "तू पायली का?" त्यानें पाहिली नव्हती. तिनेंहि नव्हती. न पाहिलेल्या ड्रॅगनला जो हक्क, तोच न पाहिलेल्या शकुंतलेलाहि आहे, असा निवाडा झाला.

चौथा गट कापसाचा. त्याचा राजा शेतकरी; भाचीनें त्याला मुकुट न देतां डोक्याला दुपट्टा बांधला. या गटानें एक कोडें उभें केलें, आणि तें सोडविलेंहि गंजिफेनेंच. दशावतारी गंजिफेंत एक चमत्कारिक नियम आहे. पांच गटांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दहाचें पान मोठें. उरलेल्या पांचांत हा क्रम उलटा, म्हणजे एक सर्वांत मोठा आणि दहा सर्वांत लहान. आमच्या चार गटांपैकीं कोणते दोन उलटे करावयाचे? आगगाडीचा एक गट पुतण्यानें सुचविला. डबे वाढले कीं इंजिन दमतें, हें त्याचें कारण. दुसरा भाचीनें सांगितला, आणि सांगतांना तिनें मानहि वर केली नाहीं. "कापसाचा उलटा ठेवा. कापूस जास्त झाला तं भाव पडते, मामा." अर्थशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथ मीं चाळले आहेत. बारा वर्षांच्या मुलीला पानांचा क्रम ठरवितांना हें सुचावें, यांतलें दुःख त्या ग्रंथांत कोठें सांपडलें नाहीं.

याप्रमाणें बारा बारा पानांचे चार गट, एकूण अठ्ठेचाळीस पानें, तिघांना सोळा सोळा. सुरुवात कोणी करावयाची, याचाहि नियम झाला: मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं वाघाचा राजा ज्याच्याकडे त्यानें, मृगानंतर पैनगंगा ज्याच्याकडे त्यानें. शिवाय पुतण्याच्या खेळाची आठवण म्हणून डावाच्या आधीं देवघेव ठेवली. ज्याला जें पान हवें तें त्यानें मागावें, आणि बदला कांहीं द्यावें. पुतण्यानें दरपत्रकहि तयार केलें. वाघाच्या राजाला दोन प्रधान. पैनगंगेला एक प्रधान आणि वर दहाचें पान. असा तो बाजार दोन दिवस तेजींत चालला.

तिसऱ्या दिवशीं तो एका पानाशीं अडला. कापसाचा प्रधान म्हणजे बैलजोडी. हें पान भाचीनें सर्वांत शेवटीं आणि सर्वांत सावकाश रंगविलें होतें. डाव्या बैलाचें एक शिंग तिनें खालीं वळलेलें काढलें, तेव्हां पुतण्यानें तें चूक म्हणून दाखविलें. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, असें त्याचें म्हणणें. तिनें नुसतें "त्याचं तसंच होतं" एवढें सांगितलें. तिच्या घरची बैलजोडी त्या सालीं होळीनंतर विकली गेली होती. चारा संपला होता, आणि बी-खताचें देणें राहिलें होतें. आमच्याकडे हीं दोन कारणें नेहमीं एकत्रच येतात. घरांत याविषयीं कोणी तिच्याशीं बोललें नव्हतें. मीहि बोललों नाहीं. लहान मुलांना समजत नाहीं असें धरून चालणें मोठ्यांना सोयीचें असतें.

तें पान त्या दिवशीं तिच्या हातीं आलें होतें, आणि पुतण्यानें तें मागितलें. बदला पैनगंगा देऊं केली. तिनें मान हालविली. त्यानें वाघ देऊं केला, मग वाघ आणि पैनगंगा दोन्ही. असा सौदा कोणी नाकारला नसता. "नाई देत," ती म्हणाली. "पण नियम आहे! प्रत्येक पान देवघेवीचं आहे," तो म्हणाला, आणि नियमाच्या बाजूनें पाहिलें तर तो बरोबर होता. तिनें पान उलटें करून मांडीखालीं ठेवलें.

मी मध्यें पडणार इतक्यांत पुतण्याच माझ्याकडे पाहून गप्प झाला. वळलेलें शिंग त्याला त्या वेळीं कळलें असावें. बराच वेळ तो पानें पिसत राहिला. मग म्हणाला, "आपण असं करूं. या पानाचा वेगळा नियम. हें कोणी मागायचं नाहीं आणि कोणी द्यायचं नाहीं. पण मग याचे गुणहि धरायचे नाहींत. नाहींतर ज्याच्याकडे हें येईल त्याचा फुकट फायदा होईल." न्यायाच्या दृष्टीनें हा तोडगा चोख होता. भाचीनें क्षणभर विचार केला. "गुण नको," ती म्हणाली. "घरी तं रायतीन."

त्या रात्रीं तिनें पानाच्या कडेनें बारीक कुंचल्यानें तांबडी रेघ ओढली. तीच त्या नियमाची खूण. चार गटांत तेवढेंच एक पान असें झालें कीं, त्याला किंमत नव्हती आणि त्याचा सौदाहि नव्हता.

देवघेव वाईट असें मी म्हणत नाहीं. तिच्यावांचून बाजार चालत नाहीं, मैत्रीहि चालत नाहीं. मुलांना माणसांची पारख होते ती पुष्कळशी या अदलाबदलींतूनच. संचांत दुर्मिळ पान असावें, त्याची अभिलाषा धरावी, त्यासाठीं रात्रभर मनाशीं हिशेब करावा, यांतहि मोठा आनंद आहे. पण प्रत्येक घरांत एक तरी वस्तु अशी असते कीं, तिचा भाव विचारणाऱ्याचा आपल्याला राग येतो. ती वस्तु अनेकदां क्षुल्लक असते. देवघरांतला झिजलेला बाळकृष्ण, वडिलांच्या हिशेबाची वही, तान्ह्या पोळ्याचा चाकें मोडलेला लांकडी बैल. वाईट वेळ आली म्हणजे बाजार अशा वस्तूंपर्यंतहि येऊन पोंचतो, आणि त्या वेळीं घरांतल्या मोठ्या माणसांना नियम बदलतां येत नाहीं. खेळांत तो बदलतां येतो. मुलें खेळतात तें वास्तवापासून पळण्यासाठीं, असें म्हणण्याची पद्धत आहे. मला तसें दिसलें नाहीं. त्या मुलीनें पडता भाव, अवकाळी विकलेले बैल, सगळें जसेंच्या तसें पानांवर मांडलें, आणि फक्त एके ठिकाणीं आपला हुकूम चालविला.

राजेरजवाड्यांसाठीं केलेल्या हस्तिदंती गंजिफा आज पदार्थसंग्रहालयांत सुखरूप आहेत. सामान्य माणसांच्या कापडी गंजिफा मात्र फारशा उरल्या नाहींत, कारण लोक त्या खेळले. आमचीं पानेंहि महिन्याभरांत कडांनीं काळवंडलीं. नदीच्या तिनाच्या पानावर आंब्याच्या रसाचा एक खरा डाग पडला आहे, आणि तो पुतण्याला मुळींच आवडलेला नाहीं.

मृगाच्या आधीं दोघेंहि आपापल्या गांवीं गेलीं. पेटी माझ्याकडे ठेवावी असें एकमतानें ठरलें. गाडींत बसण्यापूर्वीं भाचीनें पेटींतून एक पान काढून दप्तरांत घातलें. पुतण्यानें पाहिलें, पण तो कांहीं बोलला नाहीं. पेटींत आतां सत्तेचाळीस पानें आहेत. तीं तिघांत सारखीं वांटतां येत नाहींत. पुढच्या उन्हाळ्यांत ती येईपर्यंत डाव बंद आहे.